चांगुणाबाईंची सावड

केडगावच्या त्या गल्लीत कुरडया कुणी एकटीनं केल्याचं चांगुणाबाईंना आठवत नव्हतं. आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या, अशी बायकांची सावड चाळीस उन्हाळे चालत आलेली. भिजवून वाटलेल्या गव्हाचा चीक पहाटे शिजवायचा आणि गरम असेतो सोऱ्यातून घालायचा. गार झाला की तो कुणाचं ऐकत नाही. म्हणून सात-आठ जणी लागायच्या, आणि एकमेकींच्या सासवांच्या नकला करता करता ऊन कधी डोक्यावर आलं ते कळायचं नाही.

आज चांगुणाबाईंची पाळी होती. उजाडलं, तरी जिन्यावर पाऊल वाजलं नाही.

त्यांना बायका नुसत्या कुरडयांपुरत्या नको होत्या. आईबापाविना वाढवलेला त्यांचा नातू गोरक्ष, त्याच्या तडीपारीची उद्या प्रांतसाहेबांपुढे सुनावणी होती. चौकातल्या पोरांचा ग्रुप, वाढदिवसाला तलवारीनं कापलेला केक, मारामारीचे दोन गुन्हे. पोलिसांना तो वर्षभर जिल्ह्याबाहेर हवा होता. गल्लीतल्या चौघींनी पोराच्या बाजूनं सांगितलं तर साहेब ऐकतील, असं चांगुणाबाईंच्या मनानं घेतलं होतं. हात चालू असताना त्या हळूच विचारणार होत्या.

शेवटी शेजारची बायडाबाई आली. पदर खोचून तिनं कुरडयांच्या दोन ओळी घातल्या.

"बाकीच्या कुठं मेल्या गं?"

"न्हाई यायच्या त्या, वैनी. कुठल्या तोंडानं येतील? गोरक्षच्या विरुद्ध जबाब दिलेत त्यांनी. पोलीस म्हणले, नाव कुनाला कळणार न्हाई."

"आन् तू?"

"मी बी दिलाय." बायडाबाईनं सोऱ्या दाबला. "माझी रोहिणी कॉलेजला जाईना झाली. कोपऱ्यावर गाड्या आडव्या लावून बसतात ही पोरं. तुमाला ठाऊक नव्हतं व्हय?"

ठाऊक होतं. दुकानाला जाताना चांगुणाबाई त्या कोपऱ्यावर मान खाली घालत. रोहिणी दिसत नाही, हेही लक्षात आलं होतं. लग्न ठरलं असेल, असं म्हणून त्यांनी ते मनातून काढून टाकलं होतं.

"मग आलीस कशाला?"

"माझ्या बाळंतपनात सव्वा महिना तुमी जेवाण आणून दिलं. कशी न येऊ?"

दोघींच्या हातांनी व्हायचं तेवढं झालं. उरलेला चीक पातेल्यातच घट्ट झाला.

दुसऱ्या दिवशी गोरक्ष इस्त्रीचा शर्ट घालून साहेबांपुढे उभा राहिला. त्याच्या बाजूनं चांगुणाबाई एकट्याच.

"आजी, खरं सांगा. गल्लीत याला लोक घाबरतात?"

गोरक्ष त्यांच्याकडे बघत होता. आता आजी सांभाळून घेईल, याची त्याला खात्री होती.

"व्हय साहेब," त्या म्हणाल्या. "भितात."

आठवड्यानं हुकूम निघाला. दारात पोलिसांची गाडी उभी राहिली. आत घरात गोरक्षनं पिशवी उचलली.

"भाकरी बांधून देऊ का रं?"

"तूच बोललीस ना, म्हातारे? मग र्‍हा आता एकटी."

गाडी वळून दिसेनाशी झाली. दारं किलकिली होती. एकेक करून लागली. साहेबांपुढे आपण काय बोललो, हे गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. बायडाबाईलाही सांगायचं नाही, असं चांगुणाबाईंनी ठरवलं आणि दार लोटून घेतलं.