खांद्यावरचा हात

मंगळवारी सकाळी लातूरच्या त्या मोठ्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते. दवाखान्याचं नाव मी सांगत नाही. जिथे रोगी बरे होतात आणि डॉक्टर तयार होतात, अशा प्रत्येक दवाखान्यात असा एखादा मंगळवार असतोच. आमच्याकडे तो डॉ. अमरनाथ यांचा. ते व्हरांड्यातून निघाले की बाकावरची माणसं उठून उभी राहतात. बायका लेकरांची डोकी त्यांच्या हाताखाली सरकवतात. एकदा तर मोतीबिंदूचा एक म्हातारा त्यांची वाट अडवून म्हणाला, "साहेब, नुसता हात लावा." डॉ. अमरनाथ पोटाचे सर्जन. पण म्हाताऱ्याला हात हवा होता, डॉक्टर कशाचा याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

गेटावर बजरंगचं चहाचं हॉटेल. चहापेक्षा त्याचं तोंड जास्त उकळतं.

"या, या! अमरनाथ साहेबाचा हात म्हंजे परीस! आजवर एक पेशंट दगावला न्हाई! यमाचा रेडा इथवर येतो अन् गेटावरूनच माघारी फिरतो, पार्किंगची पावतीसुद्धा फाडीत न्हाई! हा बघा आपरेशनचा काळा धागा, साहेबाच्या हातातून उतरलेला! लेकराच्या गळ्यात बांधा, म्हताऱ्याच्या पायात बांधा, लई गुण हाय!"

याच दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरमध्ये मी सिस्टर म्हणून आयुष्य काढलं. मी नवी होते तेव्हा एकच सर्जन सगळं करायचे. फुटलेलं आतडं, मोडलेली मांडी, अडलेली बाळंतीण, बैलानं शिंग खुपसलेलं पोट, सगळं एकाच टेबलावर. वीज गेली की मी टॉर्च धरायची आणि सर म्हणायचे, "शरणम्मा, हात हलवू नका, तुमचा उजेड माझ्यापेक्षा महत्त्वाचा." आता हाडांचे वेगळे, मेंदूचे वेगळे, लघवीच्या मार्गाचे वेगळे, लेकरांचे वेगळे, रक्तवाहिन्यांचे वेगळे. त्या टॉर्चच्या दिवसांची मला फार आठवण येते. पण खरं सांगायचं तर तेव्हा जी माणसं आमच्यासमोर दगावत, तशी कितीतरी आज बरी होऊन चालत घरी जातात. डॉक्टरांनी एकेक अवयव वाटून घेऊन त्यात वर्षानुवर्षं हात घासून घेतला, हे त्यामागचं कारण. लोकांच्या डोक्यात मात्र अजून एकच प्रश्न असतो: हात कुणाचा?

उदगीरची नीलम्मा माझी लहानपणची मैत्रीण. तिचे यजमान महादेवप्पा यांचं तिथे किराणा दुकान आहे. त्यांना साखरेचा आजार. उन्हाळ्यात ते भर दुपारी मंदिराच्या फरशीवर अनवाणी उभे राहिले. तळव्याला फोड आला तरी कळलं नाही, कारण या आजारात पायाची जाणीवच जाते. पुढे एक बोट काळं पडलं. नीलम्मा आणि मुलगा संगमेश त्यांना घेऊन माझ्या दारात आले, आणि तो नेमका मंगळवार होता.

डॉ. अमरनाथांनी पाय पाहिला आणि लगेच सांगितलं, "हे माझं काम नाही. दुसऱ्या मजल्यावर डॉ. वर्षाराणींना दाखवा."

डॉ. वर्षाराणी रक्तवाहिन्यांचं शिक्षण घेऊन आलेल्या. सडलेले पाय, चिघळलेल्या जखमा, ज्यांच्या वासानं बाकीचे नाकाला रुमाल लावतात, ते सगळं त्या बघतात. त्यांनी पाय हातात घेऊन दाबून पाहिला.

"अप्पा, एक बोट आजच काढावं लागेल. आतला पू मोकळा करायचा. आज एका बोटावर भागेल. थांबलात तर पाऊल जाईल, नंतर घोट्याच्या वर."

नीलम्मानं मला व्हरांड्यात ओढलं. रागात तिच्या तोंडी कानडी येतं.

"शरणक्का, ही बाई ब्याड! नको म्हंजे नको! तिच्या वार्डात बघितलंस का? एकाला पाय न्हाई, एकाला बोटं न्हाईत. सगळे लंगडे! कापायचीच खोड हाय तिच्या हाताला. लोक कापाबाई म्हणतेत तिला."

"अगं, पोलीस ठाण्यात गेलीस तर सगळे चोरच दिसतील. म्हणून काय ठाण्यानं त्यांना चोर केलं?"

"ते वेगळं."

"बरं, मग स्मशानात खड्डे खणणारा वीरण्णा? त्याच्या हातून आजवर एक माणूस जगला नाही. तो मारतो का?"

नीलम्मा वळून वॉर्डाकडे बघू लागली. पण संगमेश मध्ये पडला. "मावशी, तुमचं बरोबर असल. पण अमरनाथ साहेबाचा एक पेशंट जात न्हाई अन् ह्या बाईच्या वार्डातून माणसं झाकून नेतेत, हे तर डोळ्यानं दिसून राहिलंय ना? बजरंगभाऊ म्हणले, दोन दिवस थांबा, मी साहेबाला घोळात घेतो."

बजरंगनं साहेबांना घोळात घेतलं नाही, संगमेशला घेतलं. माझं न ऐकता ते माझ्याच घरी थांबले आणि काळा धागा महादेवप्पांच्या घोट्याला बांधला गेला. गुरुवारी त्यांना थंडी वाजून ताप भरला. पाऊल सुजून धागा मांसात रुतला. शेजारची दोन बोटंही काळवंडली.

मी सरळ डॉ. अमरनाथांच्या खोलीत गेले. एमएसचं शिक्षण घ्यायला ते आले, तेव्हा पहिल्या हर्नियाला त्यांचा घाम माझ्या ट्रेमध्ये टपकला होता. त्यामुळे मला त्यांची भीती वाटत नाही.

"अमर, सडलेल्या पायाला शेवटचा हात कधी लावला होतास?"

"शिकत होतो तेव्हा, सिस्टर. आता दुर्बिणीतून पित्ताशय आणि हर्निया, एवढंच माझं."

"मग हे बाहेर जाऊन सांग ना."

"सांगतो की! लोक म्हणतात, साहेब किती नम्र आहेत." ते हसले. मी हसले नाही. मग तेही थांबले.

ते बाहेर आले आणि नीलम्मासमोर स्पष्ट शब्दांत म्हणाले, "मी थिएटरमध्ये येईन. पण ऑपरेशन वर्षाराणी मॅडम करतील. त्यातलं शिक्षण त्यांचं आहे."

नीलम्मानं यातलं "मी येईन" तेवढं ऐकलं आणि हात जोडले. संगमेशनं कागदावर सही केली.

वर्षाराणींनी धागा कात्रीनं कापून काढला. मला म्हणाल्या, "सिस्टर, हे मला पटत नाही. पाय वाचला तर गुण सरांच्या हाताला जाणार आणि पुढचा माणूसही असाच थांबून राहणार."

"मग काय करता?"

"काय करणार? माझं पटेपर्यंत पाय थोडाच थांबणार आहे!"

त्या आत गेल्या. मागून डॉ. अमरनाथ गेले आणि थोड्याच वेळात बाहेर येऊन आपल्या थिएटरकडे वळले. तेवढ्यात नीलम्मानं त्यांचे पाय धरले. "झालं!" बजरंग ओरडला. "हात लागला! आता यमाच्या बापाची बिशाद न्हाई!" आतलं खरं काम तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. पेढे मात्र वाटून झाले.

तीन बोटं गेली. पाऊल वाचलं.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि वॉर्डात पाहुण्यांची जत्रा भरली. बजरंग कॉटच्या पायथ्याशी उभा राहून रंगात आला होता. "साहेबानं चाकू धरला अन् सांगतो, रक्ताचा एक थेंब सांडला न्हाई!"

"तू कुठं होतास रे तवा?" उशीवरून आवाज आला.

"म्या? गेटावर."

"मी टेबलावर होतो." महादेवप्पा कोपरावर रेलले. "माझ्या छातीचं दुखणं बघून त्यांनी पुरती भूल दिलीच न्हाई. कमरेत सुई टोचली, खालचं अंग बधीर. मी सगळा वेळ जागा होतो."

पाहुणे कॉटजवळ सरकले.

"समोर हिरवा पडदा लावला होता. पण दुकानात पडद्यामागं बसून माल कोण तोलून राहिलं ते मी आवाजावरून ओळखतो. अमरनाथ साहेब आले. खांद्यावर हात ठेवला, म्हणले, अप्पा, घाबरू नका. मग बाईला म्हणले, मॅडम, मी निघू का, माझी पित्ताची पिशवी तिकडं वाट बघून राहिली. मी म्हणलं, अरे देवा, साहेबाचीच पिशवी बिघडली का काय!"

पाहुण्यांत हसू फुटलं.

"ते गेले. पुढं सगळा वेळ बाई. मधीच म्हणल्या, रक्त आलं, छान रक्त आलं! मी हादरलो. तर त्या पडद्यावरून वाकून म्हणल्या, अप्पा, रक्त येतंय म्हंजे इथलं मांस जित्तं हाय, इथून पुढं कापायचं न्हाई. अन् हा म्हणतो, थेंब सांडला न्हाई!"

बजरंग तरी हटला नाही. "पण अप्पा, साहेबाचा हात लागला म्हणूनच तर..."

"लागला की. खांद्याला लागला." महादेवप्पांनी खांदा हलवून दाखवला. "खांदा एकदम ठणठणीत हाय. पण त्याला आधीबी काई झालं नव्हतं."

असा हशा मी त्या वॉर्डात पूर्वी कधी ऐकला नव्हता. "अन् तुझा तो आपरेशनचा धागा," महादेवप्पा पुढे म्हणाले, "गोधडी शिवायच्या रिळाचा हाय. माझ्याच दुकानात मिळतो. बांधला तवा डोळा लागला होता, मग ताप चढला, न्हाईतर तिथंच सांगितलं असतं."

हसण्याचा आवाज ऐकून राउंडला आलेले डॉ. अमरनाथ दारात थांबले. मागे वर्षाराणी होत्या. महादेवप्पांनी हात जोडले. "साहेब, राग मानू नका. एक खरं सांगा. तुमच्या हातानं माणूस मरत का न्हाई?"

डॉक्टरांनी आधी वर्षाराणींकडे पाहिलं.

"कारण मरायला टेकलेला माणूस माझ्याकडे येतच नाही, अप्पा. माझी ऑपरेशनं ठरवून केलेली असतात. साखर वाढली, दम लागला, ताप आला, तर मी तारीख पुढे ढकलतो. चांगला धडधाकट माणूस निवडून घेतो आणि तो धडधाकट घरी जातो. मॅडमना निवडता येत नाही. सगळे उपाय करून, सगळे धागे बांधून झाले, की माणूस त्यांच्याकडे येतो." मग ते सगळ्या वॉर्डाकडे वळले. "आणि एकही दगावला नाही, हे खोटं आहे. माझ्याही टेबलावर माणसं गेली आहेत. मला त्यांचे चेहरे आठवतात. लोकांना आठवत नाहीत, आणि मी आठवण करून दिली नाही."

 बजरंग केव्हा निघून गेला ते कळलंही नाही.

नीलम्मानं वर्षाराणींना विचारलं, "बाई, मंगळवारी तुम्ही एकच बोट म्हणला होता ना?"

"हो."

महादेवप्पांनी पांघरुणाखालच्या पट्टीकडे पाहिलं. "म्हंजे एक बोट साखरेनं नेलं," ते म्हणाले, "अन् दोन हातगुणानं."

परवा मंगळवारी ते जखम दाखवायला आले. काठी टेकत, पण स्वतःच्या दोन पायांवर. व्हरांड्यात तीच गर्दी. बजरंगकडे आता धागा नाही, अंगारा आहे. मुखेडहून आलेली एक बाई पायाचा अंगठा काळा पडलेल्या नवऱ्याला घेऊन अमरनाथांच्या रांगेत उभी होती. नीलम्मानं तिचा दंडच धरला.

"इथं काय करून राहिलीस? दुसऱ्या मजल्यावर जा, वर्षाराणी बाईकडं. तिच्या हाताला लई गुण हाय!"

मी कपाळावर हात मारला. एका हाताचा देव उतरवला, तर ही दुसऱ्या हाताला शेंदूर फासायला निघाली.

महादेवप्पा मागून म्हणाले, "गुणबिण काई न्हाई, माय. तिला त्याचं शिक्षण हाय. अन् आजच जा. गुरुवारवर ढकलू नको."

याहून वेगळं मला काही सांगायचं नाही. सर्जनच्या हातात देव नसतो. वर्षानुवर्षं एकच काम करून आलेली सफाई असते, आणि ती वेळेवर पोचलेल्या माणसालाच पुरी उपयोगी पडते. म्हणून कुणाचा हात चांगला, हे विचारू नका. माझ्या दुखण्याचं शिक्षण कुणाला आहे, ते विचारा. अमुक डॉक्टरचा एकही पेशंट जात नाही असं ऐकलंत, तर त्याच्याकडे कसले पेशंट येतात तेही विचारा. आणि पाय काळा पडला असेल, तर हे सगळं चालता चालता विचारा.

ती मुखेडची बाई जिन्याकडे निघाली होती. तिचा नवरा मात्र अजून मागे वळून अमरनाथांच्या दाराकडे बघत होता. महादेवप्पांनी काठीनं त्याला जिना दाखवला, आणि मग स्वतःची चप्पल काढून दोनच बोटं उरलेलं आपलं पाऊल दाखवलं.

तो माणूस जिना चढू लागला.