खंडेनवमीचा चंदेरी रंग

दसरा झाला आणि आमच्या पिकअपनं अंग टाकलं. सकाळी सेल मारला की नुसतं टक टक. बॅटरी उतरलेली. भरून आणली की बारामतीपर्यंत जायची, येताना बंद. समोर बॅटरीचा लाल दिवा मिणमिणतोय आणि मी रस्त्यात गाडी वढून न्यायला टोचन मागत उभी.

गाडी मी चालवते. आमच्या पिंपळीच्या रानातली मेथी-कोथिंबीर मंडईत मीच नेते. त्यामुळं गाडी बसल्यावर सगळ्यांना कारण आयतंच घावलं. माझे सासरे दत्तोबा, त्यांना आमी आबा म्हणतो, सोप्यात बसून म्हणालं, "बाईमाणसाच्या हाताला यश न्हाय. इंदापूरच्या मिस्त्रीला शेवटचं दावू. न्हाय झालं तर गाडी इकून टाकू. मनिषा बसंल घरी."

घरी बसंल म्हणं! मेथी काढायची, जुड्या बांधायच्या, म्हशीचं शेण भरायचं, ह्याला ही माणसं बसणं म्हणतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आणि आमचं मालक, दादासो! त्यांच्यासारखा जाणकार साऱ्या तालुक्यात न्हाय. बॉनेट उघडायचं, कमरेवर हात ठेवायचं नि निकाल द्यायचा. "बॅटरीच गेली." नवी बॅटरी घातली, ती बी उताणी पडली. "पट्टा ढिला हाय." पट्टा असा ताणला की गाडी डुकरागत किंचाळाय लागली. मग इंजिनाबरोबर फिरून बॅटरी भरतो तो अल्टरनेटर खोलून बारामतीला नेला. तिथल्या मिस्त्रीनं टेबलावर फिरवून दाखवला, बेस चालला. गाडीत बसवला की परत तेच रडगाणं.

"चालवणाऱ्यानं रेस कमी दिली की असं व्हतं," मालक म्हणालं. माझ्याकडं बघत न्हाय हां, गाडीकडं बघत.

शेवटी इंदापूरला जोतीराम मिस्त्रीकडं गेलो. मी गाडी चालवायला, आबा निकाल ऐकायला, आणि मालक मिस्त्रीला अक्कल शिकवायला. त्यांनी उभ्या उभ्या बॅटरी, पट्टा, रेस, सगळं प्रवचन दिलं.

"झालं?" जोतीराम म्हणाला. "वहिनी, गाडी चालू करा."

त्यानं एक वायर घेतली. एक टोक अल्टरनेटरच्या अंगाला, दुसरं बॅटरीच्या मायनसला टेकवलं. लाल दिवा गपकन विझला. वायर काढली, दिवा पुन्हा पेटला.

"अल्टरनेटर चांगला हाय. त्याला अर्थिंग मिळंना," तो म्हणाला. "त्याचं अंग इंजिनाच्या लोखंडाला भिडलं पायजे. हितं मधी कायतरी आलंय." गाडी बंद करून त्यानं पान्याचं टोक बोल्टाजवळ घासलं. चंदेरी पापुद्रा निघाला. "इंजिनाला रंग कुणी दिलाय?"

मी मालकांकडं बघितलं. मालक रस्त्यावरची एसटी बघत व्हतं.

खंडेनवमीला समदे आपापली हत्यारं पुजतात. आमच्या मालकांचा थाट वेगळा. आदल्या दिवशी त्यांनी अल्टरनेटर उतरवला, त्याच्या बसायच्या जागा, बोल्टाची भोकं, सगळं आतनं-भाईरनं चंदेरी ऑइलपेंटनं रंगवलं. एक हात झाल्यावर दुसरा. वर हळदीकुंकू, झेंडूचा हार, आणि साऱ्या गल्लीला बोलावून बॉनेट उघडून दाखवलं.

"अवो, मग इतकं दिस मिस्त्रीला सांगितलं का न्हाय?" मी इचारलं.

"ती काय दुरुस्ती व्हती व्हय?" मालक म्हणालं. "ती पूजा व्हती."

देवा रे देवा! मला हसू बी आलं आणि रडू बी. तीन आठवडे माझा हात वंगाळ ठरला, आणि ह्यांच्या ब्रशला कुणी नाव ठेवलं न्हाय.

जोतीरामनं अल्टरनेटर उतरवला, पॉलिश पेपरनं रंग खरवडून लोखंड उघडं केलं, पुन्हा आवळला. गाडी चालू केली. दिवा विझला तो विझलाच.

मालकांनी लगेच हात पुढं केला. "आण किल्ली. आता नीट झालीय, जपून न्यायला पायजे."

"मागं बसा," मी म्हणलं.

आबा गुमान माझ्या शेजारी बसलं. मालक मागं हौद्यात, रिकाम्या क्रेटांत. पिंपळीला उतरलो तर शेजारच्या फुलाबाईनं इचारलं, काय बिघडलं व्हतं? मालक कपडे झाडत म्हणालं, "अर्थिंग गेलतं. फॉल्ट मी धरला."

धरला म्हणं! आबांनी ऐकलं आणि घसा खाकरला. मला वाटलं, आता तरी कबूल करतील.

"पोरी," आबा म्हणालं, "उद्या मेथी लवकर काढ. मंडई चुकाय नको."

बास, एवढंच. गाडी विकायची बात न्हाय, आणि चुकलं म्हणायची बी न्हाय.

"मेथी मालक काढतील," मी म्हणलं. "जुड्या बी तेच बांधतील. मला गाडी चालवायचीय, झोप पुरी व्हायला पायजे."