चेरी लाल रंगाखाली

मी एक जुनी अमेरिकन मोटार आहे. खरं सांगायचं तर तिचं नुसतं तोंड आहे. चार दारं, डिकी आणि सहा सिलिंडरचं इंजिन भंगारात गेलं. उरलेली मी गुरुकुंज मोझरीजवळ, हमरस्त्यावरच्या एका हॉटेलच्या भिंतीत बसवलेली आहे. लोक आलुबोंडे खातात आणि तेलकट बोटांनी माझे दिवे धरून फोटो काढतात. मित्रांनो, तुम्हीही काढला असेल. मी रागावत नाही, पण माझी हकिगत ऐकून जा.

१९५१ साली डेट्रॉइट शहरात माझा जन्म झाला. जातीची डॉज. रंग फिकट हिरवा, हरभऱ्याच्या कोवळ्या घाट्यासारखा. आगबोटीने मुंबईला आणि तिथून रेल्वेने अकोल्याला आले. कापसाच्या जिनिंगवाल्या एका शेठनी मला घेतलं. मी रस्त्याने निघाले की दुकानदार तराजू हातातच धरून बघत राहायचे. मला गर्व होता, कबूल करते. तो पुढे पुरता उतरला.

शेठच्या मुलाचं, नत्थुजीचं लग्न झालं तेव्हा चांदूर रेल्वेहून नवरी मीच आणली. मे महिना, बोनेट तव्यासारखं तापलेलं. दारात उतरताना मैनाबाईचा तोल गेला आणि तिचा तेल-हळदीचा हात बोनेटवर टेकला. हात पोळला, पण पोरगी हूं की चूं करीना. दुसऱ्या दिवशी किती पुसलं तरी तो पंजा गेला नाही. थोरले शेठ म्हणाले, "राहू द्या. लक्ष्मीचा हात हाये तो." पुढे हळद उडाली, तरी पाच बोटांचा डाग राहिला.

मग पेट्रोल महागलं आणि मी जिनिंगच्या शेडमध्ये उभी राहिले, ती चाळीस वर्षं. सगळे मला विसरले, एक जैनुद्दीन मिस्त्री सोडून. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की तो यायचा, इंजिन सुरू करायचा आणि जिनिंगच्या आवारात मला एक चक्कर मारून आणायचा. फाटकाबाहेर न्यायची त्याला परवानगी नव्हती. नवा पार्ट मिळाला नाही तर घरी कानशीने घासून बनवायचा. "बाई, मेली नाहीस ना?" एवढंच विचारायचा. कोणी त्याला शाबासकी दिली नाही, आणि त्याने मागितलीही नाही.

मैनाबाई गेली. नत्थुजी थकले. मुलगा अमोल म्हणाला, "इथं गोडाऊन बांधाचं हाये. दिवाळीपर्यंत हे गाडी विकली तर ठीक, नाही तर भंगारवाल्याले देऊन टाकतो." त्याने माझे फोटो मोबाइलवर टाकले. आठ दिवसांनी नागपूरहून वर्षाली नावाची बाई आली. जुन्या गाड्या जमवण्याचा तिला नाद होता. दोन तास ती माझ्याभोवती फिरली. मैनाबाईच्या पंज्यावर तिने हात धरला, पण टेकवला नाही.

"नवा रंग मारलेल्या गाड्या मला खूप मिळतात," ती म्हणाली. "कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली गाडी मिळत नाही. ही मी घेते. महिन्याभरात ट्रक घेऊन येते. तोवर हिला हात लावू नका, धुऊसुद्धा नका. आणि मिस्त्रीकाका, नागपूरला जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते. त्यात हिला तुम्हीच चालवायचं."

जैनुद्दीनला पुढचं काही ऐकूच आलं नसावं. चाळीस वर्षं आवारात गोल फिरलेला माणूस तो, त्याला आता फाटकाबाहेरचा रस्ता मिळाला होता.

ती गेली आणि नत्थुजी हसले. उमेदीत त्यांनी बैलांचा व्यापार केला होता. बैलबाजारात गिऱ्हाईक जे बोलतं त्याच्या उलट धरायचं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक.

"धुऊ नका मनते! भाव पाडाची तयारी करून राहिली ते. ट्रक घेऊन येईन अन् मनीन, गाडी मळकी हाये, कमी करा. अरे, बैल बाजारात नेतो तवा शिंगं घासतो, तेल लावतो, झूल टाकतो. मळका बैल कोन नेते?"

जैनुद्दीन एकदाच बोलला. "शेठ, बाईनं तं नाही म्हटलं व्हतं."

"तुले नाही चालवाची का नागपुरात? मंग अशी भिकारनीवानी नेशीन तिले?"

हा घाव बरोबर बसला. मला नवरीसारखं सजवायची हौस त्याच्या मनात कधीची होती. प्रेमाला हौसेची जोड मिळाली की अक्कल गहाण पडते, मित्रांनो. दुसऱ्याच दिवशी तो रंग घासून काढायचा वॉटर पेपर घेऊन आला.

वीस दिवस त्याने मला घासलं. पाणी ओतायचं आणि घासायचं. डेट्रॉइटचा हिरवा रंग चिखलासारखा वाहून मोरीत गेला. बोनेटवरच्या पंज्यापाशी येऊन तो थांबला आणि नत्थुजींकडे बघू लागला.

"तो डागबी काढ," नत्थुजी म्हणाले. "घान दिसते."

ज्याच्या घरात ती पोळलेल्या हाताने शिरली, त्याचाच हा हुकूम. जैनुद्दीनने आधी अंगठा घासला, मग चार बोटं. मला आवाज असता तर मी ओरडले असते.

पुट्टी भरली, प्रायमर मारला, आणि अमोलने मोबाइलवर पसंत केलेला चेरी लाल रंग चढला. वर झेंडूचा हार. वर्षाली ट्रक घेऊन आली तेव्हा जैनुद्दीन इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या शेजारी उभा होता.

ती खाली उतरली. सरळ माझ्यासमोर आली. मग बोनेटकडे बोट करून विचारलं, "तो हात कुठे गेला?"

"घासून काढला ताई," जैनुद्दीन अभिमानाने म्हणाला. "निशान बी नाही ठेवली."

"मी तो हातच विकत घेत होते, काका," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. रिकामा ट्रक वळवला आणि निघून गेली. नत्थुजी त्या लाल बोनेटवर चाचपत राहिले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्यांना तिथे काहीतरी हवं होतं.

दिवाळीनंतर हॉटेलवाला आला. त्याला फक्त तोंड हवं होतं, भिंतीसाठी. गॅस कटर आणला. जैनुद्दीन म्हणाला, "दुसरा कोनी तिचे हाल करन. मीच कापतो." कुठे कोणता सांधा आहे ते त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? दारांच्या पुढून त्याने मला सरळ रेषेत कापलं. कटरच्या काळ्या चष्म्याआड त्याचे डोळे मला दिसत नव्हते.

"वा चाचा!" अमोल म्हणाला. "काय साफ कापली!"

चाळीस वर्षांत त्या घराने त्याला दिलेली ही पहिली शाबासकी.

गेल्या शुक्रवारी तो इथे आला. दोन एसटी बदलून, मिरवणुकीसाठी शिवलेला तोच शर्ट घालून. चहा मागवला, प्यायला नाही. एका कुटुंबाचा फोटो आटोपल्यावर तो माझ्याजवळ आला आणि डाव्या दिव्याच्या कड्यामागे बोट घातलं. तिथे त्याचा वॉटर पेपर पोचला नव्हता. नखाने त्याने लाल रंग खरवडला. खालून नखाएवढा फिकट हिरवा निघाला.

"बाई," तो म्हणाला, आणि पुढचं नेहमीचं विचारलं नाही.

"ओ चाचा!" गल्ल्यावरून मॅनेजर ओरडला. "खरवडू नका तिले! रंग खराब होते!"

जैनुद्दीनने हात मागे घेतला. माफी मागितली आणि तो एसटी धरायला गेला.

मित्रांनो, जुन्या वस्तूला जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच सांगते की जपायच्या आधी तिला एकदा नीट बघा. तिच्यावरचा डाग कुणाचा आहे ते विचारा. आणि तुमचा फोटो चालू असताना एखादा म्हातारा माझ्या डाव्या दिव्यामागे नखाने खरवडताना दिसला, तर जरा बाजूला व्हा. त्याला खरवडू द्या.