शेवटून पहिला

एका दंतवैद्याच्या दारात आठवडाभर परक्यांची पार्सलं येऊन पडत होती आणि खापर फुटलं हिच्या डोक्यावर. फुटायलाच हवं होतं म्हणा. ती प्रोग्रॅमिंगच्या एका भाषेची लायब्ररी सांभाळायची, म्हणजे बाकीच्या प्रोग्रॅमरांनी आयती उचलून वापरायची फंक्शनं. त्यातलं ‘शोध’ हे तिनंच लिहिलेलं. यादीतली हवी ती गोष्ट कितव्या जागी आहे, ते ‘शोध’ सांगायचं. सापडली नाही, की सांगायचं उणे एक. आणि या भाषेत उणे एक नंबरची जागा म्हणजे शेवटून पहिला! ‘शोध’ वापरणाऱ्या कुरियरवाल्यांच्या यादीत सगळ्यात शेवटी होता तो बिचारा दंतवैद्य. ज्या माणसाचा थांगपत्ता लागेना, त्याचं पार्सल बिनबोभाट दंतवैद्याच्या गळ्यात.

नवरा बदलीच्या गावी लेकीला घेऊन पुढे गेला, तेव्हा ती म्हणाली होती, "एवढं हातातलं काम संपलं की आलेच." त्यालाही आता बरेच दिवस झाले. आज सकाळी लेकीनं फोनवर कात्रीत पकडलं.

"आई, तू येणारेस की नाही?"

"बघते गं."

"म्हणजे हो ना? मी तुझं कपाट रिकामं करतेय."

आज साहेबांनी अजून थांब म्हटलं, तर त्यांना स्पष्ट नाही म्हणायचं, असं तिनं आरशासमोर उभं राहून घोकलं होतं. साहेब इतके गोड बोलायचे, की पाठीमागे सगळे त्यांना ‘मधुमेह’ म्हणत.

मीटिंगच्या खोलीतली खिडकी उघडत नसे. तिनं पडद्यावर नवं ‘शोध’ दाखवलं. गोष्ट सापडली तर ती हातात देणार, नाही तर सरळ ‘नाही’ म्हणणार. आणि ‘नाही’ आलं तर काय करायचं, हे वापरणाऱ्यानं लिहिल्याशिवाय प्रोग्रॅम चालणारच नाही.

"नकाराकडे कानाडोळा करायची सोयच ठेवलेली नाही," ती म्हणाली. खूप दिवसांनी तिला स्वतःचा अभिमान वाटला.

"वा! काय सुरेख!" मधुमेह म्हणाले. "फक्त जुनंही राहू दे. लोकांचे प्रोग्रॅम त्याच्यावरच उभे आहेत गं. आणि दोन्ही सांभाळायला तुझ्याशिवाय आहे कोण? अजून एक वर्ष. राहशील ना?"

तिनं आजूबाजूला पाहिलं. मग त्या बंद खिडकीकडे.

"बघते," ती म्हणाली.

"मग ठरलं!" मधुमेहांनी टाळी वाजवली. सगळे खुर्च्या सरकवून उठले.

ती एकटीच बसून राहिली. स्वतःचा असा राग तिला कधी आला नव्हता. फोनवर लेकीनं फोटो पाठवला होता. उघडं कपाट, रांगेत रिकामे हँगर. ‘खालचा एक कप्पा बाबाचा, बाकी सगळं तुझं.’

तिनं उत्तर लिहिलं, "या वर्षी नाही जमणार, बाळा."

‘नाही’ हा शब्द किती सहज लिहिला गेला! निघाला होता साहेबांच्या नावानं, जाऊन पडला लेकीच्या दारात.