डब्यातले खजूर

रोज सकाळी पिशोरच्या एसटीतून सरूबाईंचा डबा शहरात यायचा आणि संध्याकाळच्या गाडीने धुऊन परत जायचा. डबा अगदी चाटूनपुसून रिकामा व्हायचा, फक्त रिकामा करणारी त्यांची लेक दीपमाला नव्हती. दीपमालाच्या खोलीत राहणारी आमरीन त्या ठेचा-भाकरीवर ताव मारायची. "मी कॉलेजात खाऊन आले," असं दीपमाला तिला रोज सांगायची, तेही इतक्या सराईतपणे की कुणालाही खरं वाटावं.

दिवाळीपासून दीपमालाचं काहीतरी बिनसलं होतं. भूक मेली होती, झोप उडाली होती, वर्गात कुणी नाव घेतलं तरी छातीत धडधडायचं. डब्याचा प्रश्न खरं तर एवढासा. आईला म्हणायचं, सध्या नको पाठवू. दुसरी एखादी चहा पिता पिता सांगून मोकळी झाली असती. दीपमाला मात्र फोन हातात घ्यायची आणि पुढचं सगळं तिला आधीच दिसायचं. आई कारण विचारणार, पहिल्या गाडीने येणार, तिचा उतरलेला चेहरा बघणार आणि सामानासकट पिशोरला नेणार. मग कॉलेज सुटलं ते सुटलंच. ती फोन खाली ठेवायची. तिकडे लेक पोटभर जेवतेय म्हणून सरूबाईंनी एक भाकरी वाढवली होती.

एका मंगळवारी दीपमाला अंथरुणातून उठलीच नाही.

"बुखार आहे का गं?" आमरीनने कपाळाला हात लावला.

"नाय. उठवतच नाय."

मग संध्याकाळी आमरीनच धुतलेला डबा घेऊन बसस्टँडवर निघाली. निघताना तिने त्यात मूठभर खजूर घातले. इतके दिवस ज्या माउलीच्या हातचं खाल्लं, तिचं भांडं रिकामं कसं परत करायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळीच सरूबाईंचा फोन आला.

"दीपे, डबा कोण खातंय?"

"मीच की."

"मग खजूर कुणी घातले? लेक आईचा डबा रिकामाच धाडती. भरून धाडतंय ते दुसऱ्याघरचं माणूस."

दीपमालाला थाप मारता आली असती, पण ती आता फार थकली होती.

"आमरीन खाती," ती म्हणाली. "मला जेवावंच वाटत नाय, आई. कशातच जीव लागत नाय. तू घरी नेशील म्हणून बोलले नाय."



"उद्या येते मी," सरूबाई म्हणाल्या.

दीपमालाने डोळे मिटून घेतले. जे इतके दिवस दिसत होतं, तेच आता होणार होतं.

"न्यायला नाय," सरूबाई पुढे म्हणाल्या. "जेवायला. तुझ्यापाशी बसून जेवते. मग कोण्या डॉक्टरला दाखवायचं ते दोघी मिळून बघू. आन् त्या आमरीनला म्हणावं, उद्या भुकेली ऱ्हा. डबा मोठा आणते."

इतक्या दिवसांत दीपमालाने आईचं येणं कितीदा मनात रंगवलं होतं, पण आई नुसती जेवायला येईल हे तिला एकदाही सुचलं नव्हतं. तिला रडू फुटलं, आणि या वेळी तिने ते आवरलं नाही.

फोन ठेवल्यावर ती आमरीनकडे वळली. "खजूर उरलेत का गं?"

आमरीनने पुडा पुढे केला. दीपमालाने एक घेतला, अर्धा खाल्ला आणि उरलेला अर्धा मुठीत धरून बसली.