खालची रेघ

"वायर सुटली असणार," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि यंत्रातून सरकत आलेला कागद त्यांनी पुन्हा उजेडाकडे धरला. "औषध जातंय, तरी वरची रेघ जेमतेम हलतेय. उद्या हिचं पोट उघडून वायरीचा टाका तपासायला लागेल, सिस्टर."

सिस्टर मेंढीचं पाण्याचं भांडं विसळत होत्या. त्यांचा हात थांबला. वायर सुटली नव्हती. हे त्या खोलीत फक्त त्यांना माहीत होतं, आणि एवढं सांगायचं तर पुढचंही सांगावं लागणार होतं.

सिस्टर हे नाव त्यांच्यामागे प्रसूतिगृहातून आलं होतं. उभा जन्म तिथे काढला आणि गुडघ्यांनी संप पुकारल्यावर त्यांनी ही संशोधनाची नोकरी धरली. नवरा चिडवायचा, बायकांची झाली, आता मेंढ्यांची सुईण. काम तसं बेताचंच होतं. डॉक्टरबाई गाभण मेंढीच्या गर्भाशयाला आणि आतल्या कोकराच्या छातीला बारीक वायरी शिवायच्या. त्या यंत्राला जोडल्या की कागदावर दोन रेघा उमटायच्या, वरची आईची, खालची कोकराची. पोटातलं कोकरू हवा घेत नाही, पण श्वासाची तालीम करतं. त्याची छाती हलली की खालची रेघ करवतीसारखी दातेरी होते. आणि दिवस भरायच्या कितीतरी आधीपासून गर्भाशय मधूनमधून आपलं आपण आवळतं. मग वरची रेघ फुगते आणि खालची सपाट होत जाते. कोकरू गप्प. आवळणं सैल झालं की पुन्हा तालीम सुरू.

हे आवळणं वाढवलं तर कोकराच्या वागण्यात काय फरक पडतो, हे डॉक्टरबाईंना शोधायचं होतं. म्हणून काही मेंढ्यांना कळांच्या औषधाचा थोडा थोडा डोस द्यायचा आणि तुलनेला बाकीच्यांना नुसतं मिठाचं पाणी. दोन्ही दिसायला सारखीच. सिरिंज भरायच्या सिस्टर.

तो कागद पहिल्यांदा नीट समजला त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नव्हतं. प्रसूतिगृहात डॉक्टरांना घाई असली की कळांच्या औषधाची धार त्याच वाढवायच्या. कधी एखादी बाई त्यांचा हात धरून म्हणायची, सिस्टर, बाळ हलत नाहीये हो. त्यावर त्यांचं उत्तर तयार असायचं. झोपलं असेल. न बघता, दुसऱ्या खाटेकडे जाता जाता दिलेलं उत्तर. बहुतेक वेळा ते खरंही ठरायचं. एकदा ठरलं नव्हतं. त्या बाईचा चेहरा त्यांनी इतकी वर्षं मनाच्या तळाशी दाबून ठेवला होता, तो या कागदाने वर काढला.

त्यात ही काळ्या कानाची मेंढी आली. बाकीच्या मेंढ्या औषध गेलं तरी निवांत रवंथ करत बसायच्या. ही मात्र थांबायची, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघायची आणि मग सिस्टरांकडे. एका सकाळी सिस्टरांनी तिच्या सिरिंजमध्ये मिठाचं पाणी भरलं. म्हटलं, एक दिवस सुट्टी. मग तेच रोजचं झालं. खालची रेघ दिवसाचा बराच वेळ दातेरी राहायला लागली. ती बघून आपलं कुठलंतरी देणं फिटतंय, असं त्यांना वाटायचं. डॉक्टरबाईंचं सगळं काम आपण नासवतोय, हा विचार यायचा, पण त्याला त्या दारातूनच परत पाठवायच्या.

"काही म्हणालात, सिस्टर?" कागदावरून नजर काढून डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाही मॅडम. भांडं निसटलं."

जन्मात कुणी सिस्टरांची सिरिंज चुकली असं म्हटलं नव्हतं. तोच मोठेपणा आडवा आला.

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने चेष्टा केली नाही, यावरूनच त्यांना काय ते कळलं. तो नुसता ऐकत राहिला आणि ताट उचलता उचलता म्हणाला, "उद्या गेल्या गेल्या सांगून टाक. तुझ्या अब्रूपायी त्या मुक्या जिवाला दोनदा कापणार का?"

सकाळी वाटभर त्या वाक्यं जुळवत गेल्या. पोहोचल्या तेव्हा काळ्या कानाची टेबलावर होती, भूल दिलेली, पोट उघडलेलं. "तुमचे गुडघे दुखतात ना, म्हणून लवकर बोलावलं नाही. शेजारच्या विभागातून माणूस घेतला मदतीला," डॉक्टरबाई मान न उचलता म्हणाल्या. मग त्या बराच वेळ चाचपत राहिल्या. वायर जागच्या जागी होती, टाका घट्ट होता.

"मी तिला औषध देतच नव्हते मॅडम," सिस्टर म्हणाल्या. "पाणी देत होते."

डॉक्टरबाईंचे हात थांबले. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "काल सांगितलं असतंत," त्या म्हणाल्या, "तर हिला पाण्यावरच ठेवलं असतं. वेळ भरली की व्याली असती सुखाने." आणि त्या पोट शिवायला लागल्या. सिस्टर दोरा कापत राहिल्या.

दुपारी मेंढी पायांवर उभी राहिली. वायरी जोडल्या. वरची रेघ फुगायला लागली, औषधाने कधी फुगली नसेल इतकी. कापाकापीने गर्भाशय चवताळलं होतं. खालची सपाट होती. भूल उतरायला वेळ लागतो, डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि दोघी स्टुलांवर बसून राहिल्या. वरची रेघ ओसरली तरी खालचीला दाते आले नाहीत. शेवटी सिस्टरांनी ठोके ऐकायचं यंत्र उचललं आणि प्रसूतिगृहात लावायच्या तसं पोटावर इथे, तिथे, खाली दाबून लावलं. सापडले ते आईचेच ठोके, संथ.

डॉक्टरबाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या. सगळा राग विसरून त्यांनी सिस्टरांच्या तोंडाकडे बघितलं.

"झोपलं असेल ना, सिस्टर?"

सिस्टरांनी यंत्र पुसलं, त्याच्या जागेवर ठेवलं.

"नाही, मॅडम," त्या म्हणाल्या.

काळ्या कानाच्या मेंढीने मान वळवून कुशीकडे बघितलं. मग सिस्टरांकडे. सिस्टर तिच्यासमोरून हलल्या नाहीत.