साउकाकांनी रंगवलेले डोळे

मित्रांनो, मी एक जुनी आणि भित्री सायकल आहे. मेकाँग नदीच्या मुखाशी, नारळाच्या बागांमध्ये माझे आयुष्य गेले. इथे दर दहा पावलांवर पाणी, आणि मला पाण्याची फार भीती वाटते. गंज चढेल म्हणून नव्हे. माझ्यावर बसलेल्या माणसाला पाण्यात नेईन की काय, म्हणून.

माझे मालक साउकाका नावा रंगवतात. मी नवी होते तेव्हा ते मला रोज पुसायचे. मग घरात मोटारसायकल आली आणि मी कोंबड्यांच्या खुराड्यामागे पडून राहिले. पुढे त्यांची लेक त्राम पाहुण्यांना सायकलवरून गावे दाखवू लागली, तेव्हा कुठे माझे दिवस पालटले. “म्हातारी असली तरी काटक आहे,” असे कोणी म्हटले की मला बरे वाटायचे.

यंदा नववर्षाच्या सणाआधी काकांनी नावांच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नवे डोळे काढले. नदीतले भूत त्या डोळ्यांना भिते. उरलेल्या रंगात माझ्या हँडलखालीही दोन डोळे आले. काकांना एवढ्याने समाधान होईना. प्रेमाच्या भरात त्यांनी मला नावेसारखीच आडवी करून नखशिखांत तेलरंग फासला, अगदी चाकांच्या रिमांनाही.

दुसऱ्या दिवशी सायगॉनच्या दिएपबाई माझ्यावर बसल्या. साठीच्या शिक्षिका. “मला पोहता येत नाही हं,” हे त्यांचे पहिले वाक्य.

पहिल्याच पुलाच्या उतारावर माझ्या काळजात धस्स झाले. ब्रेकचे रबर रंगावरून नुसते घसरत होते! पुढे सपाट रस्ता असल्याने बाईंना काही कळले नाही. मी जिवाच्या आकांताने करकरले.

“ही फार कुरकुरते गं!”

“वय झालंय, बाई. आमचे बाबापण अश्शीच कुरकुर करतात,” त्राम हसली. “आणि रस्त्यावर भात वाळत घातलाय ना, त्यावर चाक घालू नका. दाणा तुडवलेला इथं कुणाला खपत नाही.”

बाई दिवसभर भात चुकवत राहिल्या आणि मी प्रत्येक पुलावर मरून जिवंत होत राहिले.

दुपारी माणसे पलीकडे नेणाऱ्या तरीचा धक्का आला. तिथला उतार सरळ नदीत जातो. तरीची नाव नुकतीच सुटली होती आणि समोर फक्त गढूळ पाणी होते. बाईंनी ब्रेक आवळला. माझा वेग वाढतच गेला.

“त्राम! थांबत नाहीये ही!”

“भातात घाला!” मागून त्राम किंचाळली. “बाई, भातात!”

बाई क्षणभर गोंधळल्या, मग त्यांनी हँडल वळवले. उताराच्या कडेला वाळत घातलेल्या भातात माझी चाके रुतली आणि आम्ही दोघी आडव्या झालो. पाणी हातभर अंतरावर होते.

भाताची मालकीण आजी खराटा घेऊन धावत आली. आता मार बसणार, असे मला वाटले. पण भात तुडवला म्हणून रडणाऱ्या बाईंना तिने उठवून बसवले. “रडू नकोस बाई. भात काय, पुन्हा गोळा करता येतो.” मग माझ्याकडे बघून ती त्रामवर कडाडली, “बापाला सांग, डोळे काढलेस, पण ब्रेक बघितलास का?”

संध्याकाळी काकांनी माझ्या रिमा घासून लख्ख केल्या. “चुकलो गं,” एवढेच ते म्हणाले.

मित्रांनो, ज्यांना जीव लावता त्यांना नुसते सजवू नका. आम्हाला बोलता येत नाही, आम्ही करकरतो. तेवढे ऐका.

काका आता रोज सकाळी आधी ब्रेक दाबून बघतात. तरी पूल आला की मला अजून धडकी भरते, आणि रंगवलेले डोळे काही मिटता येत नाहीत.